राणीच्या वाढदिवशी पाण्यात उतरणाऱ्या कनू

कॅनडात मुलगा, बहीण किंवा पुतणी राहत असेल, तर ‘व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड’ हे शब्द फोनवर तुमच्या कानावर पडले असतील. २५ मेच्या आधीचा सोमवार. थंडी सरलेली असते, लोक अंगणात रोपं लावतात, तंबू घेऊन रानात जातात. सुट्टी कशाची, तर राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाची. तिचा जन्म २४ मे १८१९ चा. १९०१ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी कॅनडाच्या संसदेने तिच्या आठवणीसाठी हा दिवस कायमचा सुट्टीचा ठरवला.

देशाच्या पार पश्चिम टोकाला, राणीचंच नाव मिरवणाऱ्या व्हिक्टोरिया शहरात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा दिवस पाण्याकाठी साजरा व्हायचा. बंदरातून आत शिरणारी गॉर्ज नावाची एक चिंचोळी खाडी आहे. तिच्या दोन्ही काठांवर माणसांची दाटी व्हायची, बँड वाजायचा. एस्क्विमॉल्टच्या आरमारी तळावरचे खलाशी आपल्या होड्यांची शर्यत लावायचे. चरबी फासलेल्या आडव्या खांबावरून चालता चालता लोक पाण्यात धपाधप पडायचे. पण शर्यतींच्या यादीत सगळ्यांचं लक्ष लागलेलं असायचं ते मूळ रहिवाशांच्या कनूंकडे. कनू म्हणजे एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली होडी. मराठीत डोण म्हणता आलं असतं, पण डोण म्हटलं की एखादी छोटी, ओबडधोबड होडी डोळ्यांपुढे येते. ही ५० फुटांहून लांब, सुरीसारखी निमुळती, आणि तिच्यात ११ माणसं.

जाहिरातीत या शर्यतींना ‘युद्धकनूंची शर्यत’ म्हणत. युद्धाशी त्यांचा संबंध उरलेला नव्हता, पण काठावरच्या पाहुण्यांना तसं ऐकायला आवडे.

गंमत म्हणून बघून सोडून द्यावं असं हे दृश्य वाटतं. मात्र त्याच वर्षांत, त्याच सरकारने, त्याच लोकांचे स्वतःचे समारंभ कायद्याने गुन्हा ठरवलेले होते. मग ज्या राणीच्या राज्याने आपले सण बंद पाडले, तिच्या वाढदिवसाला हे लोक दिवसदिवस वल्ही मारत का येत होते? हे उलगडायचं तर आधी त्या पाण्याकडे बघायला हवं.

पाणी हाच रस्ता

कॅनडा आणि अमेरिका यांच्या पश्चिम सीमेवर समुद्र जमिनीत खोल घुसला आहे. बेटं, खाड्या, सामुद्रधुन्या यांचं ते एक जाळंच आहे. आज त्याला सेलिश समुद्र म्हणतात. व्हँकुव्हर, व्हिक्टोरिया आणि सिअ‍ॅटल ही तिन्ही शहरं त्याच्याच काठावर आहेत. इथल्या मूळ लोकांना मिळून कोस्ट सेलिश म्हणतात, पण ती एक जमात नव्हे. काउइचन, साँगीज, मस्क्विअम, स्क्वामिश, लमी, तुलेलिप अशी अनेक राष्ट्रं, एकमेकींशी नातं सांगणाऱ्या पण वेगळ्या भाषा. किनाऱ्यालगत इतकं घनदाट अरण्य की जमिनीवरून जाण्यापेक्षा पाण्यावरून जाणं सोपं. मासेमारी, बाजार, लग्नाचं वऱ्हाड, मयताला जाणं, सगळं कनूतून. लेकी समुद्रापलीकडच्या गावांत दिलेल्या असायच्या. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घराचं कुणी ना कुणी दुसऱ्या काठावर होतं.

१८४३ मध्ये हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीने इथे फोर्ट व्हिक्टोरिया हा किल्ला बांधला. १८४६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी वाटणी करून ४९ व्या अक्षांशावर सीमा आखली; ती या लोकांच्या सोयरिकींमधून आरपार गेली. १८६२ मध्ये व्हिक्टोरियात देवीची साथ आली. अधिकाऱ्यांनी शहराजवळ तळ ठोकलेल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांना हुसकावून लावलं, आणि परतणाऱ्या कनूंबरोबर साथ किनारपट्टीभर पसरली. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं ओस पडली. १८७१ मध्ये ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत कॅनडात सामील झाला तोवर या लोकांची संख्या घटली होती, जमीन आकसून सरकारने नेमून दिलेल्या राखीव वस्त्यांपुरती उरू लागली होती. जगली वाचली ती नाती टिकवायची तर एकत्र येणं गरजेचं होतं. नेमकं त्यावरच सरकारने बोट ठेवलं.

देणं हा गुन्हा

या किनाऱ्यावर एकत्र येण्याची जी मोठी रीत होती तिला पॉटलॅच म्हणतात. हा शब्द चिनूक बोलीतला. तिथल्या व्यापारात वेगवेगळ्या भाषांची माणसं जी मिश्र बोली वापरत, तिच्यात त्याचा अर्थ ‘देणं’. लग्न, बारसं, मृत्यू, आजोबांचं नाव नातवाला देणं, असा प्रसंग आला की यजमान घर दूरच्या गावांना आमंत्रण धाडी. दिवसचे दिवस जेवणं, गाणी, नाच. आपल्याकडे पाहुणे आहेर घेऊन येतात. इथे यजमान पाहुण्यांना देतो, आणि तेही प्रत्येकाच्या मानपानाप्रमाणे. घोंगड्या, कनू, पुढच्या काळात पिठाच्या गोण्या आणि शिलाई मशिनंसुद्धा.

हे देणं का? या समाजात लिखापढी नव्हती. ज्याने भेट स्वीकारली तो साक्षीदार झाला. हे नाव आता याचं, ही सोयरीक झाली, नदीच्या या वळणावर जाळं लावायचा हक्क या घराचा, हे त्याने लक्षात ठेवायचं आणि वेळ आली की उभं राहून सांगायचं. म्हणजे लग्नाचा मांडव, पंचायत आणि तलाठ्याचं दप्तर हे तिन्ही एकाच ठिकाणी. मिशनरी आणि सरकारी अधिकारी यांना त्यात फक्त उधळपट्टी दिसली. १८८४ मध्ये ‘इंडियन अ‍ॅक्ट’ या कायद्यात दुरुस्ती होऊन पॉटलॅच आणि हिवाळ्यातले धार्मिक नाच गुन्हा ठरले. शिक्षा २ ते ६ महिने कैद. १८८५ पासून अंमल सुरू झाला आणि बंदी टिकली ती १९५१ पर्यंत. ही धमकी कागदावरच राहिली असंही नाही. उत्तरेकडच्या क्वाक्वाकावाक्व लोकांचा १९२१ मधला एक मोठा पॉटलॅच उघडकीस आला तेव्हा ४५ जणांना पकडलं, काहींना तुरुंगात धाडलं, आणि त्यांचे मुखवटे जप्त करून संग्रहालयांना वाटले.

इथे मराठी वाचकाला एक तुलना सुचणारच. याच राणीच्या नावाने १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात हिंदुस्थानातल्या प्रजेला वचन दिलं होतं की सरकार तुमच्या धर्मात हात घालणार नाही. राजकीय सभांवर नजर ठेवणारं सरकार देवाच्या मांडवात शिरताना कचरतं, हे महाराष्ट्राने १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात ओळखलं होतं. कोस्ट सेलिश लोकांची स्थिती बरोबर उलटी होती. त्यांचे देवाधर्माचे मेळावे बेकायदा होते आणि मोकळा होता तो सरकारचाच उत्सव. मग त्यांनी सरकारच्या उत्सवालाच आपला मांडव केलं.

१९१४ मध्ये कायदा आणखी आवळला. पश्चिमेकडच्या प्रांतांतल्या मूळ रहिवाशांना राखीव वस्तीबाहेर आपले नाच करायला, किंवा पारंपरिक पोशाखात कुठल्याही प्रदर्शनात वा खेळात उतरायला परवानगी सक्तीची झाली. यातले शब्द नीट बघा: नाच, पोशाख. सदऱ्याच्या बाह्या सरसावून वल्ही मारणारी ११ माणसं यात कुठेच बसत नाहीत.

एका झाडातून

आता त्या कनूबद्दल. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत भुरळ घालते ती हीच.

तिचं लाकूड रेड सीडरचं. हे झाड शेकडो वर्षं वाढतं. लाकूड हलकं, रेषा सरळ, आणि त्यात कुजण्याला अटकाव करणारं तेल. कारागीर आधी उभं झाड पारखतो, गाठी कमी असलेला बुंधा निवडतो. तासणीने बाहेरचा आकार काढतो, मग आतून कोरतो. इथे खरी कसोटी असते. भिंत जाड राहिली तर कनू जड होणार, पातळ झाली तर फुटणार. त्यावर त्यांनी काढलेली युक्ती अशी: बाहेरून बारीक भोकं पाडून त्यांत ठरावीक लांबीच्या लाकडी खुंट्या ठोकायच्या. आतून कोरताना खुंटीचं टोक दिसलं की थांबायचं. जाडी सगळीकडे हवी तितकीच राहते.

मग वाफ. कोरलेल्या पोटात पाणी भरायचं, त्यात तापवून लाल केलेले दगड सोडायचे, वर चटया झाकायच्या. लाकूड मऊ होतं, कडा बाहेर फाकवता येतात, आणि आडव्या पट्ट्या बसवल्या की थंड झाल्यावर तो आकार कायमचा राहतो. एका ओंडक्याच्या पोटातून ओंडक्यापेक्षा रुंद नौका निघते.

प्रवासाच्या कनू अशा रुंद असत, कारण त्यांत माणसं, मासे आणि संसार मावायला हवा. शर्यतीची कनू मात्र वेगळी. ती लांब आणि अरुंद, कारण पाण्यावर चालणाऱ्या होडीची बरीच ताकद स्वतः उठवलेल्या लाटेशी झगडण्यात जाते. होडी जितकी लांब आणि निमुळती, तितकी ती लाट कमी आड येते. ही खास शर्यतीची कनू फार प्राचीन नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. १९ व्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला, याच सुट्टीच्या शर्यतींमधून ती घडत गेली. काठावरच्या प्रेक्षकांना वाटे की आपण नामशेष होत चाललेल्या लोकांची जुनी कला शेवटची बघतो आहोत. खरं तर त्यांच्यासमोर एक नवी नौका जन्माला येत होती. तिची नावंही त्या काळाची. अमेरिकेच्या हद्दीतल्या व्हिडबी बेटावर कूपव्हिल गावात त्या जमान्यातली एक जुनी शर्यती कनू जपून ठेवली आहे. तिचं नाव ‘टेलिग्राफ’.

वल्हवणाऱ्याला तिथे आजही ‘पुलर’, म्हणजे ओढणारा, म्हणतात. ११ जण एकामागे एक बसतात. मागचा तांडेल वल्ह्यानेच दिशा धरतो. सगळ्यांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात गेली पाहिजेत, नाहीतर एवढी अरुंद नौका लगेच डोलायला लागते. खरा कस लागतो तो वळणावर. पाण्यात रोवलेल्या खुणेला वळसा घालून परत यायचं असतं, आणि ५० फूट लांबीची गोष्ट जागेवर वळवणं सोपं नाही. सरळ पल्ल्यात पुढे असलेली कनू वळताना मागे पडते आणि काठावर एकच आरडाओरडा होतो. अकरा जणांच्या शर्यतीखेरीज सहा जणांच्या, दोघांच्या आणि एकट्याच्याही शर्यती असत. बायकांची वेगळी शर्यत असे. चिनूक बोलीत बाईला क्लूचमन म्हणत, म्हणून ती क्लूचमनांची शर्यत. ती बघायलाही काठ भरून जाई.

तयारी महिनोन् महिने चाले. पहाटे थंडगार पाण्यात डुंबणं, पळणं, खाण्यापिण्याचं पथ्य. सेलिश लोकांत अशी अंघोळ ही साधना आहे. शरीराबरोबर मनाचं बळ त्यातून मिळवायचं असतं. गॉर्जच्या चिंचोळ्या जागी, जिथे भरती-ओहोटीला पाणी उलटसुलट उसळतं, तिथे साँगीज लोकांची कमोसंग नावाच्या मुलीची कथा आहे. ती आणि तिचे आजोबा शिळा होऊन त्या पाण्याची राखण करतात, आणि बळ मिळवू पाहणारे लोक तिथे खोल बुडी मारत. राणीच्या वाढदिवसाची जत्रा भरत होती ती अशा जागेच्या शेजारी. पुलरांना ते ठाऊक होतं.

काठावर, शर्यत संपल्यावर

वर्तमानपत्रांत छापून येई तो निकाल: कोण पहिलं, कोण दुसरं, बक्षीस किती. बक्षीस रोख असे आणि त्या पैशांची गरजही असे. पण शर्यत होती काही मिनिटांची. लोक आलेले असत कित्येक दिवसांसाठी. सीमेच्या दोन्ही बाजूंची गावं एका किनाऱ्यावर तंबू ठोकून राहत. आत्याबाई भेटत, मुलांच्या सोयरिकी जुळत, कुणाचं निधन झालं ते कळे, जमिनीच्या प्रश्नावर वडीलधारे बोलत. रात्री स्लाहाल रंगे. हा हाडांचा खेळ: दोन पक्ष समोरासमोर बसतात, एका पक्षातला माणूस हाडाचे दोन तुकडे मुठींत लपवतो, त्यांतला बिनखुणेचा कुठल्या मुठीत आहे ते दुसऱ्या पक्षाने ओळखायचं, आणि चकवण्यासाठी ढोलावर गाणी म्हणायची. गाणी गायची ही उत्तम सबब. सरकारी माणसाच्या दृष्टीने तो जुगार असेल, पण गळ्यांतली गाणी त्या रात्रींमध्ये पुढच्या पिढीकडे सरकत होती.

आणि मान. पूर्वी गावाचा मान यजमानाच्या दातृत्वाने ठरे. ते बंद झाल्यावर कुणाची कनू वेगवान, कुणाचा कारागीर हुशार, कुणाचे पोरगे कणखर, यावरून गावांची नावं निघू लागली. चढाओढ होती, पण ती ओळखीच्या माणसांमधली. हरलेले आणि जिंकलेले रात्री एकाच शेकोटीला.

आयोजक भोळे होते असं नाही. नगरपालिका आणि व्यापारी यांना गर्दी हवी होती, ट्राम कंपनीला तिकिटं. वेळ, नियम आणि बक्षिसाची रक्कम तेच ठरवत. ज्यांना बघायला लोक लोटत त्यांना त्या देशात मत देण्याचा हक्क नव्हता; कॅनडाच्या निवडणुकीत तो सर्वांना मिळाला १९६० मध्ये. सुट्टीच्या दिवशी कौतुक करणारं शहर बाकीच्या दिवशी त्यांच्या जमिनीवर डोळा ठेवून असे. व्हिक्टोरिया बंदरासमोरचं साँगीज लोकांचं गाव १९११ मध्ये तिथून हलवलं गेलं. प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १०,००० डॉलर देण्यात आले. व्हँकुव्हरच्या ऐन मध्यावर स्क्वामिश लोकांचं सेनाक्व हे गाव होतं. १९१३ मध्ये रहिवाशांना बार्जवर चढवून दूर पाठवलं आणि घरं जाळली. याच लोकांचे प्रमुख ‘जो’ कॅपिलानो १९०६ मध्ये काउइचन आणि सेक्वेपेमक या दुसऱ्या राष्ट्रांच्या प्रमुखांसह थेट लंडनला गेले, राजा सातव्या एडवर्डला भेटले आणि जमिनीचं गाऱ्हाणं त्याच्यापुढे ठेवलं. १ जुलैला डोमिनियन डे, म्हणजे आजचा कॅनडा डे, आला की त्याच राजाच्या झेंड्यांखाली याच लोकांच्या कनू शर्यतीला उतरत. यात मला विसंगती दिसत नाही. न्याय मागायचा तर राजाकडे जावं लागतं, आणि नातेवाइकांना भेटायचं तर राजाच्या सुट्टीला.

सीमेपलीकडे

अमेरिकेच्या बाजूला सुट्टी वेगळी, गोष्ट तीच. तिथे १८८३ पासूनच्या सरकारी नियमांनी मूळ रहिवाशांच्या नाचांवर आणि विधींवर बंदी होती. ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन साजरा करायला मात्र अधिकारी खुशीने परवानगी देत, कारण त्यात त्यांना देशभक्ती दिसे. मग मेळावे ४ जुलैला भरू लागले. तुलेलिपच्या विल्यम शेल्टन यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. २२ जानेवारी १८५५ रोजी पॉइंट इलियटचा करार झाला होता, ज्यात या लोकांनी आपली बहुतेक जमीन अमेरिकेला दिली. त्याची आठवण साजरी करायची आहे, त्यासाठी जुन्या धर्तीचं एक मोठं लाँगहाउस, म्हणजे सगळ्यांनी जमायचं लांबलचक लाकडी घर, बांधू द्या, असं त्यांनी वस्तीच्या सरकारी अधीक्षकांकडे मागितलं. सरकारशी झालेल्या कराराचाच उत्सव, नाही कसं म्हणणार? लाँगहाउस बांधलं गेलं आणि हिवाळ्यातल्या गाण्या-नाचांना छप्पर मिळालं.

त्याच सुमारास, १९११ मध्ये, सिअ‍ॅटल शहराने पर्यटकांसाठी एक उत्सव सुरू केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘गोल्डन पॉटलॅच’. उत्तरेला काही तासांच्या अंतरावर त्या शब्दाबद्दल माणसाला कैद होऊ शकत होती.

१९५१ मध्ये कॅनडाचा कायदा बदलला आणि बंदीचं कलम त्यातून गळालं. तोवर पुष्कळ काही गेलं होतं, पण कनू होत्या, आणि त्या वल्हवणारी माणसं होती. १९८९ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या शताब्दीनिमित्त क्विनॉल्ट राष्ट्राचे एमेट ऑलिव्हर यांनी पुढाकार घेतला आणि अनेक राष्ट्रांच्या प्रवासी कनू वल्हवत सिअ‍ॅटलला आल्या. त्यातून दर उन्हाळ्यात निघणाऱ्या लांबच्या कनूयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत एक नियम कडक पाळतात: कनूला कुणी चुकून ‘बोट’ म्हटलं तर त्याला पाण्यात उडी मारावी लागते.

शर्यतींचं वेळापत्रक आता त्यांचं त्यांनी आखलेलं असतं. त्यातली एक मोठी शर्यत लमी राष्ट्राच्या किनाऱ्यावर जूनमध्ये होते. ती १९४६ मध्ये सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या आपल्या सैनिकांच्या स्वागतासाठी. तिचं नाव स्टॉमिश, म्हणजे योद्धे. राखीव वस्तीतल्या त्या किनाऱ्यावर तंबू लागतात, कोळशावर सालमन भाजला जातो, हाडांचा खेळ रात्रभर चालतो, आणि सकाळी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कनू, त्याच लांबीच्या, त्याच अकरा जागांच्या, खांद्यांवरून पाण्यात आणल्या जातात.